नांव, गांव आणि नाद

दोन मराठी माणसें आगगाडींत समोरासमोर बसलीं, कीं पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या संभाषणाचा क्रम ठरलेला असतो. आडनांव, मूळ गांव, सध्यांचा मुक्काम, नोकरी, मुलें किती व तीं काय शिकतात, आणि अखेर दोघांच्याहि ओळखीचा एखादा दूरचा नातेवाईक. तो नातेवाईक सांपडला म्हणजे ओळख पुरी झाली असें दोघेहि समजतात, डबे उघडतात आणि एकमेकांपुढें लाडू करतात. या रीतींत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु एवढ्या चौकशीनंतर एकाला दुसऱ्याविषयीं जें कळतें, तें बहुतेक सारें त्या दुसऱ्यानें स्वतः निवडलेलें नसतें. आडनांव वाडवडिलांनीं दिलेलें. गांव जन्मानें दिलेलें. आणि नोकरी पुष्कळदां पोटानें दिलेली. कोणी न सांगतां, कोणी मोबदला न देतां, प्रसंगीं घरच्यांची बोलणीं खाऊन त्यानें आपण होऊन काय पत्करलें, हें विचारावयाचें राहूनच जातें. माणसाच्या छंदांत, आवडीनिवडींत आणि बारीकसारीक खोडींत या न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असतें.

मराठी भाषेनें या मुलखाची मोजणी मोठ्या बारकाईनें केलेली आहे. आवड, हौस, छंद, नाद, वेड आणि व्यसन हे शब्द एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. आवड बसल्या जागीं असते. तिला खर्च नाहीं. हौस प्रसंगानें उठते आणि खिशाला चाट लावून जाते. छंदाला रोजचा वेळ द्यावा लागतो. छंद म्हणजे कवितेचें वृत्तहि. तेव्हां ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां येणें हा त्याचा स्वभावच आहे. नाद लागला म्हणजे माणूस त्याला चालवीत नाहीं, तोच माणसाला चालवितो. 'नादीं लागणें' या शब्दांत घरांतील वडील मंडळींची काळजी स्पष्ट ऐकूं येते. वेड लागलें कीं लोकांची भीड सुटते. आणि व्यसन या शब्दाचा संस्कृतांत संकट असाहि अर्थ आहे. खोड मात्र या सर्वांहून निराळी. ती कोणी जोपासीत नाहीं. ती आपली असतेच, आणि बहुधा ज्याची त्याला ठाऊक नसते.

अशा आवडीनिवडी व खोडी सांगून स्वतःची ओळख करून देण्याचा मार्ग ज्यानें वाङ्मयांत रूढ केला, तो फ्रान्समधील मिशेल द माँतेन हा गृहस्थ होय. त्याचा जन्म १५३३ चा. बोर्दो येथील न्यायासनावरील जागा त्यानें १५७० मध्यें सोडली आणि पुढील वर्षीं तो आपल्या वाड्याच्या मनोऱ्यांत जाऊन बसला. तेथें सुमारें एक हजार ग्रंथ होते, आणि माथ्यावरच्या तुळयांवर त्यानें ग्रीक व लॅटिन वचनें रंगवून घेतलीं होतीं. तेथें बसून त्यानें जे निबंध लिहिले, त्यांचे पहिले दोन भाग १५८० मध्यें आणि तिसरा १५८८ मध्यें प्रसिद्ध झाला. आपल्या ग्रंथाचा विषय आपण स्वतःच आहों, असें त्यानें वाचकांस आरंभींच बजावून ठेवलें.

हा विद्वान न्यायाधीश स्वतःविषयीं काय सांगतो? फळांपैकीं त्याला खरबुजें तेवढीं मनापासून आवडतात. मुळे त्याला प्रथम मानवत, मग मानवेनासे झाले आणि पुढें पुन्हां मानवूं लागले. तो इतक्या घाईनें जेवतो कीं कधीं जीभ चावली जाते, तर कधीं बोटें. दिवसा त्याला झोंप येत नाहीं. घोड्यावर बसणें त्याला फार प्रिय. कान खाजविण्यांत त्याला विशेष सुख वाटतें. मांजरीशीं खेळतांना त्याला शंका येते, कीं आपण हिला खेळवितों आहों कीं ही आपल्याला खेळविते आहे.

हें सारें पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु तो हें केव्हां लिहीत होता, तें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्या काळीं फ्रान्समध्यें कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यामध्यें धर्मयुद्धें पेटलीं होतीं. १५७२ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिसमध्यें प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली आणि तिचें लोण इतर शहरांतहि पोंचलें. माणूस कोणत्या पंथाचा, या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा प्राण अवलंबून होता. माँतेन स्वतः कॅथॉलिक होता, १५८१ पासून चार वर्षें तो बोर्दोचा नगराध्यक्षहि होता. तरी दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे संशयानें पाहत. ज्या देशांत शेजारी शेजाऱ्याला एका शब्दानें ओळखीत होता आणि त्या एका शब्दावरून मारीत होता, त्या देशांत हा मनुष्य आपल्याविषयीं शेंकडों लहानसहान गोष्टी सांगत बसला. खरबूज आवडणारा माणूस दोन्ही पंथांत असूं शकतो. घाईनें जेवून जीभ चावणारेहि दोन्हीकडे असतात. वाचणारा कोणत्याहि पंथाचा असो, तो पांच-दहा पानांत म्हणतोच, कीं हें तर आमच्याच घरांतलें आहे. माँतेननें उपदेशाचा एक शब्द न बोलतां घडविलेलें हें कार्य लहान नव्हे. मराठींत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनीं जो लघुनिबंध लोकप्रिय केला, त्याचें मूळ इंग्रजी निबंधाच्या वाटेनें शोधीत गेल्यास तें याच मनोऱ्यापाशीं पोंचतें.

दुसरें उदाहरण चार्ल्स डार्विन याचें. त्याची पाठ्यपुस्तकांतील ओळख सर्वांस ठाऊक आहे: १८०९ मध्यें जन्म, १८५९ मध्यें जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ, १८८२ मध्यें मृत्यु. १८७३ मध्यें त्याचा नातलग फ्रान्सिस गाल्टन यानें इंग्लंडमधील शास्त्रज्ञांकडे एक लांबलचक प्रश्नावली पाठविली. तींत उंचीपासून टोपीच्या मापापर्यंत आणि शिक्षणापासून विशेष गुणांपर्यंत सर्व कांहीं विचारलें होतें. विशेष गुणांच्या सदरांत डार्विननें काय लिहावें? आपणांत तसा विशेष गुण नाहीं. असलाच तर व्यवहाराचा: हिशेब ठेवणें, पत्रांना उत्तरें देणें आणि पैसा नीट गुंतविणें! मानवी विचाराची दिशा बदलून टाकणारा पुरुष स्वतःकडे पाहतो, तेव्हां त्याला एक टापटिपीचा कारकून दिसतो.

त्याच्या आत्मचरित्रांतील किड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. केंब्रिजमध्यें शिकत असतां त्याला भुंगेरे जमविण्याचा नाद लागला होता. एके दिवशीं झाडाची जुनी साल उचकटतांना त्याला दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले; त्यानें ते दोन हातांत पकडले. इतक्यांत तिसरा, अगदीं नव्या जातीचा, दृष्टीस पडला. तोहि सोडवेना, म्हणून उजव्या हातांतला भुंगेरा त्यानें तोंडांत टाकला! त्या प्राण्यानें असा जळजळीत रस सोडला कीं जीभ भाजून निघाली. तो थुंकून टाकावा लागला आणि तिसराहि निसटला. विद्यापीठाच्या परीक्षांनीं डार्विनविषयीं जें सांगितलें नाहीं, तें या एका फजितीनें सांगितलें.

उतारवयांत दर रात्रीं पत्नीबरोबर बॅकगॅमन नांवाचा सोंगट्यांचा खेळ खेळणें हा त्याचा नेम होता, आणि डावांची मोजदाद तो वर्षानुवर्षें ठेवी. १८७६ च्या आरंभीं एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें तो आंकडा मोठ्या विजयोत्साहानें कळविला आहे: पत्नीचे २४९० डाव, आपले २७९५. कादंबऱ्या त्याला वाचून दाखविल्या जात. शेवट गोड असला पाहिजे, अशी त्याची अट असे. वाईट शेवटाच्या कादंबऱ्यांविरुद्ध कायदाच करावा, असें त्याचें थट्टेचें मत होतें.

परंतु त्याच आत्मचरित्रांत एक पान असें आहे, कीं जें वाचून हंसूं मावळतें. तरुणपणीं मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, शेली यांच्या काव्यांत त्याला अतिशय आनंद वाटे. शेक्सपिअरच्या नाटकांचें तर त्याला शाळेंत असल्यापासून वेड. पुढें अनेक वर्षें तो आपल्या शास्त्रांत बुडून गेला, आणि एक दिवस त्याच्या ध्यानांत आलें, कीं आतां कवितेची एक ओळहि सहन होत नाहीं; शेक्सपिअर कंटाळवाणा वाटतो; चित्रें आणि संगीत यांचीहि गोडी जवळजवळ गेली. आपलें मन म्हणजे ढीगभर माहिती दळून तिच्यांतून नियम काढणारें यंत्र झालें आहे, अशी त्याची तक्रार आहे. पुन्हां आयुष्य मिळालें तर आठवड्यांतून एकदां तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडें संगीत ऐकण्याचा नेम ठेवीन, असें तो लिहितो. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या माणसाचें हें लिहिणें आहे. कोणती गोष्ट आवडते, एवढें सांगणें सोपें आहे. पूर्वी काय आवडत होतें आणि तें केव्हां आवडेनासें झालें, हें पाहणें कठीण. वाद्यावरची खोळ काढली जात नाहीं, चित्राची वही माळ्यावर जाते, आणि घरांत कोणाला त्याचें वाईट वाटत नाहीं, कारण पगार वाढलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें आणि नंतर इतर देशांत आवडीनिवडींच्या छापील वह्यांची चाल पडली होती. यजमानीण पाहुण्यापुढें वही ठेवी. तींत आवडता रंग, आवडतें फूल, आवडता कवि, आवडता गुण असे प्रश्न असत आणि पाहुण्यानें उत्तरें भरावयाचीं. १८६५ मध्यें कार्ल मार्क्सला त्याच्या मुलींनीं असेच प्रश्न घातले. पुस्तकांत किड्याप्रमाणें रमणें हा आवडता उद्योग, लाल हा रंग, मासा हें पक्वान्न, आणि सर्वांत सहज क्षमा करण्याजोगा दोष म्हणजे भोळेपणा, अशीं त्याचीं उत्तरें आहेत. पुढें प्रख्यात झालेला फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यानें १८८६ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, एका मैत्रिणीच्या वहींत उत्तरें लिहिलीं. तीं इतकीं गाजलीं, कीं अशा प्रश्नावलीला आज त्याचेंच नांव चिकटलें आहे. तेवढें पान २००३ मध्यें लिलांवांत विकलें गेलें.

या वह्यांत एक धोका मात्र होता. लोक पाहणार आहेत हें ठाऊक असलें, म्हणजे माणूस आपल्याला आवडतें तें न लिहितां आवडलेलें शोभेल तें लिहितो. नोकरीच्या अर्जांत अथवा स्थळाच्या माहितींत छंदाच्या रकान्यांत 'वाचन, संगीत व प्रवास' हे तीन शब्द इतक्या नेमानें येतात, कीं ते आडनांवासारखे वाडवडिलांकडूनच आले असावेत अशी शंका येते. या तीन शब्दांनीं काय कळतें? कांहींच नाहीं. कोणतें पुस्तक दुसऱ्यांदा वाचलें, कोणतें गाणें लागलें असतां हातांतलें काम थांबतें, कोणत्या गांवाला कामावांचून पुन्हां जावेंसें वाटलें, असें विचारलें तर उत्तर देणारा क्षणभर गप्प होतो. ओळखीला आरंभ त्या गप्प होण्यापासून होतो.

म्हणूनच आवडीनिवडींचें सर्वांत विश्वसनीय वर्णन पुष्कळदां ज्याचें त्यानें केलेलें नसतें. तें जवळच्या माणसानें केलेलें असतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची विद्वत्ता त्यांच्या ग्रंथांवरून कळते. पण १८८६ मध्यें सरकारी समितीच्या कामासाठीं कलकत्त्यास गेले असतां त्यांनीं बंगाली शिकण्याचा ध्यास घेतला, आणि दाढी करण्यासाठीं आलेल्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारण्यास आरंभ केला, हें रमाबाई रानडे यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आठवणींवरून कळतें. रमाबाईंना त्या वेळीं या नव्या गुरुजींचें हंसूं आलें. हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत चढलेल्या पुरुषाला कोणापाशींहि शिकण्याची लाज नव्हती, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लेखणींतून कधींच आली नसती. कारण त्याला त्यांत सांगण्यासारखें कांहींच वाटलें नसतें.

खोडीच्या मुळाशीं कधीं कधीं एखादी जुनी जखम असते, हें लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत दिसतें. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचें विलक्षण वेड होतें. बाजारांतून आलेल्या वस्तूंची धुवाधुव आणि शिवाशिवीचा धाक यांनीं सारें घर जेरीस आलेलें असे. वाचणाऱ्याला प्रथम या तऱ्हेवाईकपणाचें हंसूं येतें. परंतु या वेडाचा उगम लक्ष्मीबाईंनीं आरंभींच सांगून टाकला आहे: आजोबांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणांत फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनानें सोवळ्याचा हा आश्रय घेतला. घरच्या माणसांना त्या वेडाचा जाच झाला, हें लक्ष्मीबाई झांकून ठेवीत नाहींत. पण वेडापलीकडचें दुःखहि त्या विसरत नाहींत. एखाद्याच्या विक्षिप्तपणावर बोट ठेवण्यापूर्वीं त्याची जन्मतारीख शोधावी, हा धडा या पानांतून मिळतो.

नाद हीच ज्यांची संपूर्ण ओळख झाली, अशा माणसांत पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८९६ चा आणि मृत्यु १९९० चा. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि कविता करीत त्या 'अज्ञातवासी' या नांवानें. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु जमविण्याचा नाद लागला, आणि पुढें सुमारें सत्तर वर्षें तो सुटला नाहीं. राजेरजवाड्यांची रत्नें त्यांनीं शोधलीं नाहींत. दिवे, कुलुपें, दौती, अडकित्ते, पानाचे डबे, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, वाद्यें, गंजिफा, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वापरांतल्या वस्तूंच्या मागें ते गांवोगांव हिंडले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामीं जन्मभर साथ होती. त्यांचा राजा नांवाचा मुलगा लहानपणींच वारला. संग्रहाला त्याचें नांव देण्यांत आलें. सुमारें वीस हजार वस्तूंचा हा संग्रह केळकरांनीं पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्यानें कवितेवर आपलें नांव घातलें नाहीं, त्यानें संग्रहालयावरहि तें घातलें नाहीं.

या संग्रहांतील एखादा अडकित्ता जवळून पाहावा. सुपारी कातरण्यास दोन पातीं आणि एक खीळ पुरे. तरीहि कारागिरानें त्याला पोपटाचा किंवा घोड्याचा आकार दिला आहे. वज्रीचें काम टांचेचा मळ काढण्याचें. पण तिच्या मुठीवर पक्षी बसविलेले आहेत. घडविणाऱ्याचें नांव कोठें नोंदलेलें नाहीं, वापरणाऱ्या बाईचेंहि नाहीं. मात्र साधी वज्री मिळत असतां कोणीतरी ही पक्ष्यांची वज्री निवडली. तिला कोणी प्रश्नावली पाठविली नव्हती, कोणी वही पुढें केली नव्हती. तिच्या आवडीचा तेवढाच पुरावा उरला आहे.

येथें आवडीनिवडींचा विषय करमणुकीच्या पलीकडे जातो. आवड सांगण्यासाठीं आधीं कोणीतरी ती विचारावी लागते. अनेक मराठी घरांत कर्त्या पुरुषाला कोणती भाजी चालत नाहीं, थोरल्या मुलाला वरणांत गूळ किती लागतो, धाकटीला कोणती कोशिंबीर आवडते, हें घरच्या बाईला तोंडपाठ असतें. तिला स्वतःला काय आवडतें असें विचारलें, तर उत्तर येतें, "मला काय, कांहींहि चालतें." हें उत्तर खरें नसतें. पंगत उठल्यावर पातेल्यांत उरेल तें आवडून घेण्याची ती वर्षानुवर्षांची सवय असते. जिला रांगोळींत गति होती, जिला भेंड्यांत कोणी हरवूं शकत नसे, जी लग्नापूर्वीं पेटी वाजवीत असे, तिचे हे नाद घरानें मोडले असें नव्हे. ते कोणी विचारलेच नाहींत, आणि न विचारल्यानें ते आटले. डार्विनला आपल्या मनाचा एक भाग सुकल्याचें निदान कळलें तरी, आणि त्यानें तें लिहूनहि ठेवलें. असें लिहून ठेवण्याइतकी सवड सर्वांना मिळत नाहीं.

महाराष्ट्रांत अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त मोठ्या परिश्रमानें छापले आहेत. त्यांत प्रत्येक पुरुषाचा जन्म, शिक्षण, हुद्दा आणि बदलीचीं गांवें असतात. प्रत्येक सुनेचें माहेरचें नांव, तिच्या वडिलांचें नांव आणि विवाहाचें वर्ष असतें. हें सारें जपण्यासारखेंच आहे. परंतु पणतवंडांना त्या पानांवरून पणजी ओळखतां येणार नाहीं. तिचा फक्त पत्ता सांपडेल. पुढची आवृत्ति काढणाऱ्यांनीं प्रत्येक नांवापुढें एक ओळ मोकळी सोडावी. 'आंब्याची कोय चोखीत गच्चीवर एकटी बसत असे.' 'आगगाड्यांचें वेळापत्रक पाठ होतें. प्रवास फारसा केला नाहीं.' 'गणितें सोडवितांना शीळ घाली.' अशी एखादी ओळ पुरे. आणि जीं माणसें अद्याप घरांत आहेत, त्यांच्या ओळीसाठीं आवृत्तीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज रात्रीं पानें मांडल्यावर आजीला विचारावें. "कांहींहि चालतें" हें उत्तर आलें, तर तें मान्य न करतां पुन्हां विचारावें.